दोन बाजूंची दोन मापं

सोमवार, ३ तारीख

आज माझ्या हातून अशी चूक झाली की नवशिक्या मुलीने केली असती तर मी तिला आठवडाभर नुसती काजं करायला बसवलं असतं.

दीड वर्षाने स्वतःसाठी काही शिवायला घेतलं. निळं, जरा जाड सुती कापड, त्याचं जाकीट. कापड टेबलावर पसरलं, दुहेरी घडी घातली, खडूने आखलं आणि कात्री चालवली. चोवीस वर्षं असंच कापतेय. घडीवर कापलं की दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात, दोनदा मापायला नको. दुपारी जोडून अंगात घातलं आणि आरशासमोर उभी राहिले. उजवी बाजू उत्तम. डावी बाजू अशी लोंबत होती, जशी कुणी उठून गेलेल्या खुर्चीवरची खोळ.

डावा स्तन काढून दीड वर्ष झालं. हे सगळ्या जगाला माहीत आहे, माझ्या कात्रीला अजून कळवायचं राहिलं होतं.

दुकानात बटणवाली होती. ती अकरा वर्षं माझ्याकडे काज-बटणं करते. म्हणाली, "बाई, उसवू का?"

"थांब, आधी हसून घेऊ."

हसलो दोघी. ती माझ्या आधी थांबली.

हॉस्पिटलने एक सिलिकॉनची गादी दिलीय, आतून लावायची. तिला मी 'पाहुणी' म्हणते. नवऱ्याला ते नाव आवडत नसावं, ते ऐकलं की तो खिडकीबाहेर बघतो. पाहुणी लावली असती तर जाकीट बसलंही असतं. पण ती घामाने चिकटते, आणि कापायला वाकलं की माझ्याआधी टेबलाला टेकते. सध्या ती ड्रॉवरमध्ये आहे, रिळांच्या शेजारी.

संध्याकाळी ताईचा फोन. तिने मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात माझ्यासाठी वेळ घेतलीय, सतरा तारखेची. तिथले सर्जन पोटाचं मांस घेऊन नवीन स्तन बांधून देतात. आठ तासांचं ऑपरेशन. "अगदी पूर्वीसारखं होतं म्हणे. मी येतेय तुझ्याबरोबर, रजा टाकलीय."

"मला विचारलंस का?"

"आत्ता विचारतेय की."

मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. ताईने त्याचं हो केलं. पोस्टाच्या खिडकीमागे तीस वर्षं काढलेल्या बाईला अर्धवट भरलेला अर्ज सहन होत नाही.

बुधवार, ५ तारीख

नवऱ्याला विचारलं, करू का हे ऑपरेशन? म्हणाला, "तुझी मर्जी."

जेवताना पुन्हा विचारलं. "तुझी मर्जी." भांडी पुसताना तिसऱ्यांदा विचारलं, तर ताटली पुसत तेच. त्याला बहुतेक हवं असेल आणि बोलायचा धीर होत नसेल. किंवा नको असेल आणि मला वाईट वाटेल म्हणून गप्प असेल. वीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती करणारा माणूस, नुसत्या आवाजावरून कुठल्या मजल्यावर काय बिघडलंय ते सांगतो. माझ्या आवाजावरून काही सांगत नाही.

खरं लिहायचं तर मलाच ठरवता येत नाहीय. तीन महिने कात्री उचलता येणार नाही. पोटावर या कुशीपासून त्या कुशीपर्यंत हसल्यासारखा व्रण येणार. पण दुकानातल्या आरशासमोर गिऱ्हाईक उभं असतं तेव्हा तिच्या मागे मीही दिसते, आणि ती एकदा स्वतःकडे बघते, एकदा माझ्याकडे. ती नजर थांबली तर मला आवडेल. हेही खरं आहे.

शनिवार, ८ तारीख

पुन्हा ताई. आज नुसते प्रश्न. नोंदणी किती वाजता सुरू होते? कागद कोणकोणते लागतात? आधीचे रिपोर्ट नसले तर बघतात का?

"अगं, माझे सगळे रिपोर्ट आहेत. फाइल उचलायला हमाल लागेल."

"नाही, आपलं असंच विचारलं."

मग म्हणाली, "तुला पहिल्यांदा हाताला लागलं तेव्हा ते कसं होतं गं? हलत होतं का?"

हे तिने दीड वर्षात कधी विचारलं नव्हतं. आता माझ्या आजाराची पहिल्या पानापासून उजळणी चाललीय. सांगितलं, वाटाण्याएवढं, हलत नव्हतं.  ती म्हणाली, दूध उतू जातंय, ठेवते.

ताई दूध पीत नाही. भावजी गेल्यापासून तिच्या घरात दूध येत नाही, ती कोरा चहा पिते. एकटं राहून सवयी बदलतात म्हणा.

रविवार, १६ तारीख

सहा तास बस. ताईने खिडकीची जागा घेतली आणि उजव्या बाजूला पिशवी अशी कवटाळून बसली की जणू आत सोनं आहे. "वर ठेव की ती." "असू दे, हवा लागते." खिडकी बंद होती.

लॉज हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत. लिफ्ट आहे पण करकरते, नवरा इथे असता तर त्याने आधी तिचीच नाडी बघितली असती. खोलीत दोन खाटा, मध्ये एक स्टूल, भिंतीवर चार खुंट्या. खिडकीतून समोरच्या लाँड्रीची वाफ दिसते. मॅनेजरने रजिस्टर पुढे केलं आणि विचारलं, "हॉस्पिटल?" ताई म्हणाली, "हिचं." इतक्या घाईने की तो माझ्याकडे दयेने बघायला लागला.

कपडे बदलायला ताई बाथरूममध्ये गेली. लहानपणी एका खोलीत, एका खाटेवर वाढलो आम्ही. एकमेकींच्या पाठीला पावडर लावली. म्हटलं, हे कधीपासून? म्हणाली, वय झालं, लाज वाटायला लागली.

मी तिच्यासाठीही कापड आणलंय, करडं. तिचं जुनं जाकीट तीन वर्षांपूर्वी मीच शिवलं होतं, त्याच्या कोपरांना आता चकाकी आलीय. टेप काढली. म्हटलं, ये, माप घेते.

"जुनंच माप घे."

"तीन वर्षांत माणूस बदलतं."

"मी नाही बदलले. ठेव ती टेप."

मग तिने माझ्यावरच उलटवलं. पाहुणी का नाही लावलीस, डॉक्टरांकडे अशी जाणार का. मी म्हटलं, त्यांना तेच तर बघायचंय ना! कडाडून भांडलो. ती म्हणाली, "तुला काही म्हणजे काही कळत नाही, धाकटे." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. संध्याकाळचे सातही वाजले नव्हते.

सोमवार, १७ तारीख

आजचा दिवस सगळा लिहून ठेवायचाय.

हॉस्पिटलमध्ये साडेआठला पोचलो. ताईने खिडकीवरून नोंदणीचे दोन फॉर्म घेतले. "एक चुकला तर." तिने आयुष्यात कधी फॉर्म चुकवला नसेल. माझा तिनेच भरला, ठळक सुट्या अक्षरांत, जसे ती लोकांना पोस्टात भरायला लावते. दहा वाजता रिसेप्शनवरची चष्मेवाली म्हणाली, डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेत, आज बघणार नाहीत. उद्या अकरा.

मी उठले. ताई उठली नाही.

"बसू की थोडा वेळ. दुसरे कुणी डॉक्टर मोकळे असतील."

"दुसरे कशाला? दुसरे माझं काय बघणार?"

"असतात गं. नुसतं तपासायला, साधंच काही..."

तिच्या हातात तो दुसरा कोरा फॉर्म होता आणि ती त्याच्या कडा दुमडत होती. मला त्या बाकाचा, त्या फिनेलच्या वासाचा, त्या भिंतीवरच्या हसऱ्या कुटुंबाच्या पोस्टरचा एकदम असा वीट आला की मी तिचा दंड धरून तिला उठवलंच. दीड वर्षात मी पुरेसे बाक झिजवलेत. फाटकाबाहेर बस उभी होती. पाटीवर लिहिलं होतं 'तळे'. चढलो.

"कुठे चाललोय आपण?"

"तळ्यावर."

"तिथे काय आहे?"

"पाणी असेल."

ताईला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा.

तळं मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी मोठं. पलीकडचा काठ म्हणजे नुसती एक हिरवी रेघ. अलीकडे गोट्यांचा किनारा, लाकडी खोल्या कपडे बदलायला, एक टपरी, आणि पाण्यात दोरीला बांधलेलं मोठं पिवळं तरंगतं पिंप, त्यापुढे जायचं नाही. सोमवार असूनही पन्नासेक माणसं होती. ऊन चांगलं होतं. मी पाण्यात हात घातला आणि मला पोहायचं होतं. ठरवलं वगैरे काही नाही. तहान लागते तसं.

ताईनेच मला पोहायला शिकवलं. मी सहा वर्षांची, ती बारा. ती पुढे पोहायची आणि मागे न बघता ओरडायची, "पाय मार गं, पाय!" ऑपरेशननंतर मी पाण्यात उतरलेच नव्हते.

टपरीवर पोहण्याचे पोशाख होते. ती टपरी चालवणारी बाई गळ्यात शिट्टी घालून बसते, पाण्यावर लक्षही तीच ठेवते. काळा पोशाख घेतला. आत फोमच्या दोन वाट्या शिवलेल्या. खोलीत घालून बघितला. पुन्हा तेच. घडीवर कापलेलं काम, डावी वाटी पोकळ, दाबली की आत जायची आणि मग टपकन बाहेर यायची. बाहेर ताई म्हणाली, "बघ, मी म्हणत होते, पाहुणी आणायला हवी होती."

मी कपडे बदलून, पोशाख मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. माझ्या पर्समध्ये लहान कात्री, सुई आणि काळा दोरा असतोच, जशी इतरांच्या पर्समध्ये कंगवा असतो. डावी वाटी उसवली आणि काढून टाकली. त्या बाजूची शिवण आत घेतली, खांद्यापासून कमरेपर्यंत, मापाशिवाय, बोटांनी अंदाज घेत. उजव्या बाजूला हात लावला नाही. एका बाजूचं एक माप, दुसऱ्या बाजूचं दुसरं. चोवीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. सुचायची वेळ आली नव्हती.

शिट्टीवाली जवळ आली. "अहो, हे काय चाललंय? बसत नाही तर बदलून देते. नाहीतर दुकानात नेऊन दुरुस्त करून घ्या."

"मीच दुकान आहे."

तिने माझ्याकडे बघितलं, पोशाखाकडे बघितलं, कळलं तिला.  टपरीतून स्टूल आणून माझ्यासमोर ठेवलं, पाय टेकायला.

अर्ध्या तासाने मी खोलीतून बाहेर आले. एका बाजूला उंचवटा, एका बाजूला सपाट, आणि सपाट बाजूला काखेतून डोकावणारा व्रणाचा शेंडा. खोलीपासून पाण्यापर्यंत चाळीस पावलं. मोजली मी. पहिली दहा फार वाईट गेली. माझा डावा हात आपोआप वर येत होता, त्याला मी दोनदा खाली आणलं. चटईवर बसलेल्या एका बाईने शेजारणीला कोपराने ढोसलं. मग मोठ्याने म्हणाली, "इथे पोरंबाळं असतात हो. काहीतरी घालून यायचं."

"घातलंय की. मीच बेतलंय. तुम्हालाही देईन बेतून, फक्त तुम्हाला कापड जास्त लागेल."

शेजारीण फसकन हसली. तिच्या पलीकडे एक गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभा राहून तोंड उघडं टाकून बघत होता. शिट्टीवालीने त्याच्या दिशेने अशी शिट्टी मारली की तो दचकून बसलाच. "ओ साहेब! सरका तिकडे! खोल आहे!" गुडघाभर पाणी ते.

आणि मी आत गेले. पाणी इतकं गार की छातीवर आल्यावर श्वासच थांबला. गंमत म्हणजे व्रणाच्या जागी मला दीड वर्षं काही जाणवत नाही, बधिर आहे. पण गारवा जाणवला. तिथेही जाणवला. मग मी झेप घेतली. डावा हात कुरकुरला, तरी वळला. पंधरा हात, वीस हात. दमले, पाणी नाकात गेलं, आणि पाठीमागून काठावरून आवाज आला, "पाय मार गं! पाय!"

पिवळ्या पिंपाला हात लावूनच परतले.

ताई काठावर टॉवेल घेऊन उभी. तोच जुन्या जाकिटातला अवतार, पिशवी छातीशी. डोळे लाल. म्हणाली, उन्हाने झालेत.

"ये की पाण्यात. तू तर माझी मास्तरीण."

"नको. सर्दी आहे."

"तुला कुठे सर्दी आहे?"

"होणार आहे."

आम्ही गोट्यांवर बसलो. ती एकेक गोटा उचलून खाली ठेवत होती, आधी होता तिथेच. मग विचारलं, "तुला ते लागलं हाताला... त्यानंतर किती दिवस कुणाला सांगितलं नव्हतंस?"

"एकोणीस."

"मोजले होतेस?"

"मोजले नव्हते. पण माहीत आहेत."

"का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की ते खरं झालं असतं."

तिने आणखी एक गोटा उचलला. "एकोणीस," म्हणाली. "म्हणजे तशी लवकरच बोललीस तू."

तिला अजून राग आहे, मी सगळ्यांत आधी तिला सांगितलं नाही याचा. असू दे, तिचा तो हक्क आहे. मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, ही नवलाची गोष्ट.

उद्या अकरा वाजता डॉक्टरांना काय सांगायचं ते माझं ठरलंय. मला काही बांधून नकोय. जे अंग आहे त्याला मी कपडा बेतीन. कपड्यासाठी अंग बेतणार नाही.

मंगळवार, १८ तारीख, सकाळी साडेसात

ताई आंघोळीला गेलीय. घाईने लिहितेय.

तिच्या जाकिटावरून माप घ्यावं म्हणून ते खुंटीवरून काढलं. ती टेप लावू देत नाही तर कपड्यावरून घेऊ, आम्ही शिंपी तसंच करतो. उलटं केलं. हे मी कापलंय, घडीवर, दोन्ही बाजू सारख्या. शिवणीत मी नेहमी बोटभर माया ठेवते, म्हणजे पुढे अंग भरलं तर सोडता येते. डाव्या बाजूची माया जशीच्या तशी आहे.

उजव्या बाजूला, मुंढ्याखाली काखेत, शिवण उसवलीय. सगळी माया सोडून पुन्हा शिवलीय. वाकडे, लांबलांब टाके, पांढरा दोरा, पोस्टात पार्सलाला घालतात तो. अस्तराच्या आत कापसाची एक घडी टाचलीय, घासू नये म्हणून.

ताईला सुईत दोरा ओवता येत नाही. बटण तुटलं तरी ती माझ्याकडे घेऊन येते.

एकच बाजू.

दूध. पिशवी. बाथरूम. हलत होतं का.

मी काय करतेय दोन आठवडे? स्वतःच्याच आरशात बघतेय.

पाणी थांबलं आतलं.

मंगळवार, दुपारी

मी टेप घेऊन बाथरूमच्या दारासमोर उभी राहिले. ती बाहेर आली. म्हटलं, "हात वर कर."

"काय गं सकाळी सकाळी..."

"ताई. उजवा हात वर कर."

तिने खाटेवर पडलेलं उलटं जाकीट बघितलं. मग हळूच हात वर केला, अर्धाच. तिथपर्यंतच जातो तो. मी टेप लावली नाही. हात लावला. काखेत, आणि खाली. वाटाण्याएवढं नाही ते.

"किती दिवस?"

"एकोणीसच्या पुढे गेले."

"किती?"

"बासष्ट."

मोजले होते तिने. मी तिच्यावर ओरडले. फार वाईट ओरडले, शेजारच्या खोलीतल्याने भिंत ठोकली. बासष्ट दिवस! माझं सगळं बघितलंस तू, माझं डोकं धरलंस बादलीवर, माझे केस झाडून काढलेस, आणि बासष्ट दिवस! ती खाटेवर बसून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "तुझं बघितलं म्हणूनच गं. तू निदान काय येणार ते माहीत नसताना सांगितलंस."

मी हातातली टेप गुंडाळायला लागले. 

मग ती म्हणाली, "वाटलं, तुझ्या निमित्ताने इथपर्यंत यावं. आलोच आहोत तर दाखवू, असं सहज म्हणता येईल. पण ते सहज म्हणणं काही तोंडातून निघेना." आणि जरा थांबून, "तुझी डावी, माझी उजवी. दोघींचं मिळून एक सबंध माप होईल बघ."

मी रडत होते आणि हसलेही, देव मला क्षमा करो. मग ती म्हणायला लागली, घरी जाऊन बघू, तिथे ओळखीचे डॉक्टर आहेत, आज तुझी वेळ आहे, तुझी वाया नको घालवू. मी म्हटलं, चप्पल घाल.

रिसेप्शनवर चष्मेवाली. मी म्हटलं, "अकराची माझी वेळ आहे. ती हिला द्यायचीय."

"वेळ अशी देता येत नाही. पेशंटच्या नावावर असते."

"मग पेशंट बदला."

"नवीन पेशंटला तीन आठवड्यांनंतरची मिळेल. आणि त्यांची नोंदणीच नाही. फॉर्म भरावा लागतो, तो आत जातो, मग..."

माझ्या शेजारी पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. ताईने कालचा दुसरा फॉर्म काढून काउंटरवर ठेवला. कडा दुमडून मऊ झालेल्या. ठळक सुटी अक्षरं, एकही रकाना रिकामा नाही. 'तक्रार कधीपासून' समोर तारीखसुद्धा. फक्त सही राहिली होती. तिने चष्मेवालीच्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली.

"तरीही तीन आठवडे," चष्मेवाली म्हणाली, पण आवाज उतरला होता.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मग मी माझ्या वेळेला जाते. सोबत एक नातेवाईक चालते ना?"

आत डॉक्टरांनी माझी फाइल उघडली. तरुण आहेत, डोळ्यांखाली काळं, कालचं ऑपरेशन लांबलेलं दिसत होतं. त्यांनी कागदावर चित्र काढायला घेतलं, पोट, छाती, बाण. मी म्हटलं, "डॉक्टर, चित्र सुंदर काढता तुम्ही. पण मला हे करायचं नाहीय. माझ्या वीस मिनिटांतलं एक हे सांगण्यात गेलं. उरलेली एकोणीस या बाईंना हवीत."

ते म्हणाले, "हे माझं काम नाही, त्यासाठी वेगळा विभाग आहे."

"त्या विभागाची वेळ तीन आठवड्यांनी आहे. हिचे बासष्ट दिवस झालेत. मी या खुर्चीवरून उठणार नाही. बाहेरच्यांना सांगा, एक शिंपीण अडून बसलीय."

ताई म्हणाली, "अगं, डॉक्टरांशी असं बोलतात का?"

"तू गप्प बस. तुला काही म्हणजे काही कळत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ताईकडे बघितलं. आणि मग पडदा ओढला.

तीन मिनिटांनी त्यांनी स्वतः फोन केला. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई खाली आल्या, ताईला घेऊन गेल्या, मशीनवर आतले फोटो काढले, सुईने तुकडा काढला. रिपोर्ट शुक्रवारी चार वाजता. मी विचारलं, उशीर झालाय का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लवकर आलात असं म्हणणार नाही. पण आलात." मला हे उत्तर आवडलं नाही, पण खरं वाटलं.

बुधवार, १९ तारीख

नवऱ्याला फोन केला. ताईचं सांगितलं.  मग मी सांगितलं, माझं ऑपरेशन मी नको म्हटलंय.

"बरं झालं," म्हणाला.

"मग तीनदा विचारलं तेव्हा का नाही बोललास?"

"माझ्या नकोमुळे तू नको म्हणाली असतीस, आणि मग पुढे कधीतरी..." थांबला. "मागच्या वेळी बाहेरच्या बाकावर पाच तास बसलो होतो. आता आठ तास. माझ्याने नसतं झालं. पण हे काय कारण झालं का?"

"हे कारण झालं," मी म्हटलं.

जाकिटाचं काय करू म्हणून बटणवालीने विचारलंय असं तो म्हणाला. सांगितलं, डावी बाजू उसवायला सांग. फक्त डावी.

शुक्रवार, २१ तारीख, दुपारी एक

तळ्यावर. शिट्टीवालीने ओळखलं, स्टूल आणून दिलं.

सकाळी खोलीत मी करडं कापड पसरलं. घडी घातली नाही. एकेरी पसरलं, डावी बाजू आखली, उजवी आखली नाही. ताईने विचारलं, "अर्धंच?" म्हटलं, तुझी उजवी बाजू काय ठरवते ते बघून कापू. ती म्हणाली, "माया भरपूर ठेव." मग म्हणाली, "चल. चार वाजेपर्यंत या खोलीत बसले तर मी भिंती खाईन. आधी पाणी, मग रिपोर्ट."

टपरीवरचा लाल पोशाख तिने स्वतः निवडला. उजव्या बाजूला काखेत टोचत होता, तेवढी शिवण मी इथेच सोडून दिली. सुईची जागा झाकायला डॉक्टरीणबाईंनी पाणी न लागणारी पट्टी दिलीय. पाण्यात गेलं तर चालेल का, असं ताईने विचारलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या होत्या, "कमरेपर्यंत." ताईने मान डोलावली होती. पोस्टातली बाई आहे, नियम पाळेल असं वाटलं होतं.

ती आत्ता छातीभर पाण्यात उभी आहे, पिवळ्या पिंपाकडे तोंड करून. दोन्ही हात पाण्यावर पसरलेत, उजवा अर्धाच. दहा मिनिटं झाली. पुढे जात नाही, मागेही येत नाही. चटईवरच्या बायका बघतायत. बघू देत.

चार वाजता काय सांगतील माहीत नाही. तिला जे सांगतील ते बाकावर तिच्या शेजारी बसून मीही ऐकणार आहे, आणि पुढचे सगळे बाक मला तोंडपाठ आहेत.

आता तिने मागे वळून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा, पाण्यात असताना, मागे वळून.

वही ठेवते. इथूनच ओरडतेय, शिट्टीवाली कानात बोटं घालतेय: "पाय मार, ताई! पाय!"